चवथ ते चवथ : मुलीला जर्मनीला शिकायला पाठवताना ठेवलेली वही

डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. माझी थोरली मुलगी गोव्यातच भूशास्त्रात बीएस्सी झाली आणि २०२३ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या फ्रायबर्गला भूजल विषयात एमएस्सी करायला गेली. आमच्या माहेरच्या-सासरच्या दोन्ही घरांतून बोटीवर आणि आखातात पुष्कळ जण गेले, पण सगळे कामाला. शिकायला जाणारी ही पहिलीच. कामाला जाणारा पहिल्या महिन्यापासून पैसे पाठवतो. शिकायला जाणाऱ्याच्या पाठी आधी पैसे उभे करावे लागतात, आणि त्याचा प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी जुळावा लागतो. या दोन गोष्टींतच आमचं अर्धं वर्ष गेलं.

मी तेव्हा एक दोनशे पानी वही ठेवली होती. गावातल्या पाच-सहा घरांनी ती मागून नेली. म्हणून त्यातलं उपयोगाचं इथे सविस्तर लिहिते. हे पदवीनंतर एमएस्सीला जाणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर थेट जायचं असेल तर वाट वेगळी: तिथे बहुधा आधी श्टुडिएनकोलेग नावाचं वर्षभराचं पायाभूत शिक्षण घ्यावं लागतं आणि तेही बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेत.

सुरुवात कधी करायची, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. जर्मनीत मुख्य सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणजे एका चवथीला (गणेशचतुर्थीला) कामाला लागायचं आणि पुढच्या चवथीनंतर निघायचं, असा हिशेब धरा. आम्ही २०२२ ची चवथ झाल्यावर लागलो. सहा महिने आधी लागलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आधी नाव

आमचं आडनाव परब. मुलीच्या जन्मदाखल्यात ते गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं: पी-ओ-आर-ओ-बी. शाळेत घालताना कारकुनाने लिहिलं पी-ए-आर-ए-बी. दहावी, बारावी, पदवी, सगळं त्या दुसऱ्या स्पेलिंगने. देवनागरीत दोन्ही परबच, त्यामुळे वीस वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही. गोव्यात असं घरोघरी सापडेल. देसाईत एक एस की दोन, नाईकच्या शेवटी के की क्यूयूई, शेटची सुरुवात एसने की एक्सने.

म्हणून पहिल्या दिवशी हे करा. जन्मदाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या गुणपत्रिका, आधार, पॅन आणि असलाच तर पासपोर्ट, एवढं सगळं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडा आणि नावाचं प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचा. जन्मतारीखही. आईवडिलांची नावंसुद्धा, कारण पासपोर्टवर ती असतात आणि बायकांची नावं लग्नाआधीची एक आणि नंतरची एक अशी विखुरलेली असतात. माझंच नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं निघालं.

फरक निघाला तर जे स्पेलिंग शिक्षणाच्या कागदांवर आहे ते कायम धरा. गुणपत्रिका बदलून मिळवणं सगळ्यांत कठीण. आम्ही जन्माच्या नोंदीतच दुरुस्ती करून घेतली आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्रही नोटरीकडून करून ठेवलं. या कामाला अडीच महिने लागले. पणजीत पाटोच्या पासपोर्ट कार्यालयात त्यानंतरच गेलो. स्पेलिंगपुरतं न राहता आडनावच बदलायचं असेल तर १९९० चा गोव्याचा नाव आणि आडनाव बदलाचा वेगळा कायदा आहे. त्याला त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवा.

पैसा

जर्मनीत शिक्षण फुकट, हे वाक्य आमच्याकडे बसमध्येही ऐकू येतं. त्यातलं खरं एवढं: बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्या शिक्षणशुल्क घेत नाहीत, फक्त दर सत्राला वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ पासून शुल्क सुरू केलं, एमएस्सीसाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो. माझी मुलगी गेली तेव्हा फ्रायबर्गला शुल्क नव्हतं. तुम्ही ज्या वर्षी जाल त्या वर्षीचं पान वाचा, आमच्या वर्षावर विसंबू नका.

आता ब्लॉक्ड अकाउंट. याबद्दल पालकांचा फार गोंधळ होतो. व्हिसा मिळण्यासाठी एका वर्षाच्या राहण्या-जेवण्याचा खर्च आगाऊ एका खात्यात ठेवून दाखवायचा असतो. ही फी नव्हे. पैसे मुलाच्याच नावावर राहतात, फक्त दर महिन्याला ठरलेलाच भाग हाती येतो. आमच्या वेळी रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे महिना ९३४. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली, महिना ९९२. युरो शंभर रुपयांचा धरला तर जवळजवळ बारा लाख.

आम्ही युरो नव्वदचा असताना भरले. खात्याचे सुमारे दहा लाख आणि बाकी तिकीट, विमा, दाखले, परीक्षा, गरम कपडे मिळून दीड लाख. साडेअकरा लाख कुठून आणायचे याचा हिशेब वहीची नऊ पानं आहे.

आमच्या घरात कर्ज हा शब्द जपून उच्चारतात. यांनी खाणीवर चालवायला ट्रक घेतला होता, कर्जावर. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात उभा आणि हप्ते चालू. म्हणून मुलीच्या वेळी ठरवलं की सगळ्यांत वाईट परिस्थितीत, म्हणजे तिला दोन वर्षं काहीच कमावता आलं नाही तरी, माझ्या पगारातून हप्ता गेला पाहिजे. तुम्हीही कर्जाचा आकडा असाच काढा. परत आल्यावर मिळेल त्या पगाराच्या भरवशावर काढू नका.

पहिल्यांदा आम्ही बँकेकडे पंधरा लाख मागितले. साडेसात लाखांच्या वर तारण लागेल असं त्यांनी सांगितलं. राहतं घर दाखवलं. घर सासऱ्यांच्या वडिलांच्या नावावर, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या सातबारावर) अजून त्यांचंच नाव, आणि चार भावांत वाटणी नाही. असं घर बँक तारण घेत नाही. वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याचा दावा) घालावी लागते आणि ते काम मुलीच्या प्रवेशाच्या तारखांत बसणारं नव्हतं. शेजारच्यांची वेगळी अडचण: घर त्यांचं पण जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), मुंडकार म्हणून राहतात आणि जमीन अजून विकत घेऊन नावावर केलेली नाही. तेही तारणाला चाललं नाही. शिवाय आपल्या गोव्याच्या कायद्याने लग्नानंतरची मालमत्ता सहसा नवराबायकोची सामाईक असते, त्यामुळे गहाण ठेवताना दोघांच्याही सह्या लागतात. नवरा बोटीवर असेल तर त्याच्या सुट्टीची तारीख आधी बघा, किंवा त्याने मुखत्यारपत्र करून ठेवलं पाहिजे.

शेवटी आम्ही सात लाखांचंच कर्ज घेतलं. त्याला तारण लागलं नाही, माझा भाऊ जामीन राहिला. चार लाख माझ्या जीपीएफमधून काढले, पन्नास हजार घरातले.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. बँकेत जाण्याआधी त्यांच्या कार्यालयात जा आणि त्या वर्षीचा अर्ज व अटी हातात घेऊन या. मला ही योजना उशिरा कळली, याची आजही चुटपुट लागते. केंद्राच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाच अर्जाने अनेक बँकांकडे विचारणा करता येते. मात्र त्याच नावाची जी नवी पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नव्हे. आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे बाहेर पाठवले तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापत नाहीत. पैसे पाठवताना बँकेत हे मुद्दाम बोलून दाखवा.

तिथे काम करून शिकता येतं का? येतं. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. पण पहिल्या सत्रात काम मिळेलच असं धरू नका. माझ्या मुलीला पहिलं काम पाचव्या महिन्यात मिळालं.

कुठे आणि कोणाच्या सांगण्यावरून

म्हापशातल्या एका सल्लागाराकडे आम्ही गेलो होतो. सल्ला फुकट होता. त्यांनी दाखवलेल्या पाचही जागा खासगी आणि महागड्या निघाल्या. असं का होतं ते समजून घ्या. काही खासगी संस्था विद्यार्थ्यामागे सल्लागाराला पैसे देतात, जर्मनीच्या सरकारी युनिव्हर्सिट्या देत नाहीत. मग ज्यातून काहीच सुटत नाही ती जागा तो का सुचवील? त्यांनी मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे ठेवायला सांगितल्या तेव्हा आम्ही उठलो. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात ठेवू नका.

शोध आपणच घ्यावा. डाड ही जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण करणारी संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम विषयवार सापडतात, शिष्यवृत्त्याही. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर तीन गोष्टी पाहा: पदवीत कोणते विषय किती श्रेयांकांचे हवेत, तीन वर्षांची पदवी चालते की चारच लागतात, आणि युरोपाबाहेरच्या अर्जाची शेवटची तारीख. तीन वर्षांच्या पदवीमुळे आमच्या यादीतल्या अकरापैकी चार जागा गळाल्या.

गावाचं नाव अक्षर न अक्षर वाचा. फ्रायबर्ग आणि फ्रायबुर्ग ही दोन वेगळी शहरं आहेत. फ्रायबर्ग पूर्वेला झाक्सन राज्यात, ड्रेस्डेनजवळ. तिथली खनिकर्म युनिव्हर्सिटी १७६५ सालची. फ्रायबुर्ग नैर्ऋत्येला बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे १,५०० युरोंच्या राज्यात. आम्ही आठ दिवस एकाची माहिती दुसऱ्याची समजून वाचत होतो.

गुणांचं गणितही घरी करून बघा. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सूत्र असं: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा पासाचे गुण यांनी भागा, तीनने गुणा, त्यात एक मिळवा. दहापैकी ८.२ असतील आणि ४ ला पास असेल तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, उत्तर १.९. ज्या अभ्यासक्रमाला २.५ पर्यंतचे गुण लागतात तिथे अर्ज करायला हे पुरेसे आहेत. २.७ आले तर त्या जागेवर वेळ आणि पैसे घालवू नका.

इथे पोर्तुगालचं बोलायला हवं, कारण गोव्यात हा विषय निघतोच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे. युरोपीय नागरिकाला जर्मनीत व्हिसा लागत नाही, ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ते घेतलं की इथलं जातं, मतदान जातं, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) घेतलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. इंग्लंडला शिकायला त्याचा आता फायदाही नाही, कारण ऑगस्ट २०२१ पासून युरोपीय विद्यार्थ्यांनाही तिथे परदेशी म्हणूनच फी लागते. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी हा निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घ्यायचाच तर तो आयुष्यभराचा म्हणून घरात बसून घ्या.

पत्र

अर्जासोबत आपण हा विषय का शिकतो आहोत हे सांगणारं एक-दोन पानांचं पत्र लागतं. मुलीने पहिला मसुदा लिहिला तो कोणाचाही असू शकला असता: लहानपणापासून विज्ञानाची आवड, जर्मनी तंत्रज्ञानात पुढे. मी तिला विचारलं, तू भूशास्त्र घेतलंस ते कशामुळे? ती म्हणाली, आजीच्या विहिरीमुळे. आमच्या वरच्या वाडीला खाणीचा खड्डा खोल गेला, त्यातलं पाणी पंपाने रात्रंदिवस उपसायचे, आणि खालच्या विहिरी मार्चमध्येच आटायच्या. खाण बंद झाल्यावर खड्ड्याचं तळं झालं आणि विहिरींचं पाणी हळूहळू वर आलं. ते तिने कॉलेजच्या प्रकल्पात सात विहिरींवर दोर सोडून महिन्याला मोजलं होतं. मी म्हटलं, हेच लिही. विहिरी किती, दोर किती हात गेला, कुठल्या महिन्यात, तुला त्यातलं काय कळलं नाही, आणि ते न कळलेलं त्या अभ्यासक्रमात कुठे शिकवतात.

तसंच लिहिलं. पत्र दीड पान झालं. ज्या दोन ठिकाणी प्रवेश मिळाला त्या दोन्ही ठिकाणी हेच पत्र होतं. तुमच्या मुलाकडे विहीर नसेल, पण काहीतरी असेलच. वडिलांचं गॅरेज असेल, मांडवीची रेती असेल, काजूची भट्टी असेल. बाजारातून तयार पत्र विकत आणू नका.

शिफारसपत्रं दोन लागतात. ज्या प्राध्यापकांनी मुलाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलंय त्यांच्याकडे मागा, नुसत्या मोठ्या पदाच्या माणसाकडे नको. आणि महिनाभर आधी मागा.

अर्ज आणि दाखले

गोवा विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र उतारा) घ्यायला ताळगावच्या पठारावर जावं लागतं. एकदम चार प्रती मोहोरबंद करून घ्या. इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा टोफेल, दिवाळीच्या आसपास उरकून टाका. निकाल दोन वर्षं चालतो. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलांच्या आईबापांना मी आवर्जून सांगते, याची भीती बाळगू नका. माझी मुलगी माझ्याच शाळेत शिकली आणि पहिल्या प्रयत्नात ७ बँड आले. पदवी इंग्रजीतून झाल्याचं कॉलेजचं पत्रही घेऊन ठेवा. काही ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस हा दाखला बंधनकारक झाला आहे. तुमचे शिक्षणाचे कागद खरे आहेत असं दिल्लीतलं एपीएसचं कार्यालय तपासून देतं. फी १८,००० रुपये. हा दाखला नसेल तर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि पुष्कळ युनिव्हर्सिट्या तो अर्जासोबतच मागतात. शेवटच्या सत्राच्या निकालाची वाट पाहत बसू नका, जेवढे कागद आहेत तेवढ्यांवर अर्ज करता येतो का ते नियमांत बघून लगेच पाठवा.

अर्ज काही ठिकाणी थेट युनिव्हर्सिटीकडे, काही ठिकाणी युनि-असिस्ट या युनिव्हर्सिट्यांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात. युनि-असिस्टला पहिल्या अर्जाचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३०. बऱ्याच ठिकाणी हिवाळी सत्राची शेवटची तारीख १५ जुलै असते, पण ती गाठायला जाऊ नका. व्हिसाला वेळ उरत नाही. आम्ही सहाही अर्ज मार्चअखेर पाठवले. उत्तर जूनच्या मध्याला आलं.

पत्र आलं त्या रात्रीच श्टुडेंटेनवेर्क, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेकडे खोलीसाठी अर्ज टाका. मोठ्या शहरांत खोलीसाठी सत्रभर थांबावं लागतं. म्युनिकसारख्या ठिकाणी भाड्यातच महिन्याचे पैसे संपतात, पूर्वेकडच्या लहान गावांत निम्म्याहून कमीत भागतं. जागा निवडताना मी या गोष्टीला युनिव्हर्सिटीच्या नावाइतकंच वजन दिलं.

गोवा जर्मनीच्या मुंबईतल्या वकिलातीच्या कक्षेत येतो. आमची व्हिसाची वेळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला होती. थिवीहून कोकणकन्येने रात्री निघालो. पावसात कोकण रेल्वेचा भरवसा धरू नका, एक दिवस आधी पोचा. व्हिसाला ७५ युरोंएवढी फी आणि आठ आठवडे लागले.

भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी बेकरीवाली, डॉक्टर, घरमालक इंग्रजी बोलतीलच असं नाही. निघण्याआधी जर्मनची ए-वन, म्हणजे पहिली, जमलं तर ए-टू, म्हणजे दुसरी पातळी पुरी करा. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत याची इंग्रजी माध्यमाची मुलं धास्ती घेतात. आपल्याला तो चमचा, ती सुरी, ते ताट जन्मापासून माहीत. त्यांच्याकडे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. पोटवाक्यात क्रियापद शेवटी टाकायची रीतही आपल्याला सोपी जाते. माझी मुलगी मनात मराठीत वाक्य जुळवायची आणि मग शब्द बदलायची.

पेटी आणि पहिला महिना

युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणून साजूक तूप, पेढे, चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) पेटीत घालू नका. आंबाही नाही; फळांवर दाखला लागतो, फक्त नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन त्यातून सुटतात. सुकं खोबरं तेलकट आणि पेट घेणारं म्हणून विमानतळावरच अडवतात. सुकी मासळी चालते, सोलां (आमसुलं) चालतात, उकडे तांदूळ चालतात. आम्ही दोन किलो तांदूळ, सोलां, सुकं सुंगट (कोळंबी) आणि लहान कुकर दिला. जाड कोट इथून घेतला तो तिथल्या थंडीला पुरला नाही. तो पैसा तिथे खर्च करायला ठेवा.

२०२३ ची चवथ १९ सप्टेंबरला होती. गणपतीवरची माटोळी (फळाफुलांची टांगती आरास) उतरवली आणि आठवड्याने मुलगी निघाली. विद्यार्थी विमा १ ऑक्टोबरपासून सुरू व्हायचा होता, मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा काढला होता.

ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे उतरल्या उतरल्या मिळत नाहीत. आधी राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद करायची, ती दोन आठवड्यांच्या आत करणं सक्तीचं आहे. मग तिथल्या बँकेत खातं, मग पैसे. तोवर खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं द्यायचं असतं. म्हणून हजार ते दीड हजार युरो फॉरेक्स कार्डवर आणि थोडे रोख वेगळे द्या. माझ्या मुलीचा पहिला हप्ता सत्ताविसाव्या दिवशी आला. तिच्याकडे तेव्हा ११० युरो उरले होते.

फोनची वेळ जाण्याआधी ठरवा. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेचार. तिने सकाळी वर्गाला निघताना फोन करायचा, तेव्हा माझ्या शाळेची मधली सुट्टी असते. त्या रविवारनंतरच्या सोमवारी मधल्या सुट्टीत फोन वाजला नाही, तेव्हा मला ते घड्याळ आठवलं.